चढणीचे मासे आणि बी.एस्सी.चा फॉर्म

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की देवरूखच्या आसपासच्या वहाळांना लाल पाणी येते, आणि रात्री बत्त्या-विजेऱ्या घेऊन माणसे चढणीचे मासे धरायला बाहेर पडतात. नदीतले हे मासे प्रवाहाविरुद्ध चढत वर येतात, पार भाताच्या खाचरांपर्यंत. येतात ते अंडी घालायला. आपण त्यांना वाटेतच गाठतो आणि सकाळी घरोघर कालवणाचा वास सुटतो. कोकणात पावसाळा सुरू झाला, हे सांगायला वेधशाळेची गरज पडत नाही.

गेल्या वर्षी त्या दिवसांत मी माहेरी गेले होते. भावाने रात्री आणलेले मासे वहिनी मागच्या दारी साफ करीत होती. शेजारी माझी भाची उकिडवी बसून गाबोळी वाटीत काढत होती. ती अंडी मोजत होती. मोजून संपेनात, तेव्हा तिने चहाचा चमचा आणला, एका चमच्यातली अंडी मोजली आणि मग नुसते चमचे मोजले. हिशेब जमल्यावर मला म्हणाली, “आत्या, एवढी अंडी घेऊन हे वर येतात आणि आपण वाटेतच धरतो. मग पुढच्या वर्षी मासे येतात तरी कुठून?”

“आधी हात धू,” वहिनी म्हणाली.

त्याच वेळी पुढच्या पडवीत भाऊ माहितीपत्रकांचा ढीग घेऊन बसला होता. दोनच दिवसांपूर्वी ‘नीट’चा निकाल लागला होता. भाचीचे गुण वाईट नव्हते, पण डॉक्टर होण्याइतके नव्हते. त्यात नवल काहीच नाही. २०२४ मध्ये देशभरात तेवीस लाखांहून अधिक मुले ही परीक्षा द्यायला बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून लाखाच्या थोड्या वर. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला! पण दारात महाविद्यालय आले म्हणून गणित बदलत नाही.

भावाचे बाजारपेठेत किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक येते ते सामान घेऊन आणि सल्ला देऊन जाते. एकाने सांगितले, लातूरला पाठवा, वर्षभर तयारी करू दे. दुसरा म्हणाला, नर्सिंग बरे, नोकरी लगेच. तिसऱ्याने एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक आणून दिले. त्यावर पांढरा कोट घातलेली, निळ्या द्रवाची नळी हातात धरलेली मुलगी होती आणि आत बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीची फी होती. ती वाचून भावाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. चौथा म्हणाला, सरळ मुंबईला टाका, मुंबई विद्यापीठ ते मुंबई विद्यापीठ.

“ताई, तू एवढी वर्षं जीवशास्त्र शिकवलंस,” भाऊ म्हणाला. “तूच सांग. कुठलं विद्यापीठ चांगलं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कारण प्रश्नच जरा चुकीचा होता, आणि तो माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी असाच चुकीचा विचारला होता.

शिक्का एकच

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. एके काळी पुणे, कोल्हापूर, धारवाडपर्यंतची महाविद्यालये त्याच्याच छत्राखाली होती. १९४९ मध्ये पुण्याला वेगळे विद्यापीठ झाले, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले, गोव्याने १९८५ मध्ये आपले उभे केले. कोकणपट्टी मात्र मुंबईकडेच राहिली. आज मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सातही जिल्हे त्याच एका विद्यापीठात मोडतात. कोकणाचे स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही मागणी जुनी आहे. ती व्हावी की न व्हावी, हा वेगळा विषय.

पण याचा आपल्या पडवीतल्या चर्चेशी थेट संबंध आहे. देवरूखचे आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय १९७२चे, रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर १९४५चे, माटुंग्याचे रुईया १९३७चे. तिन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. एखादे महाविद्यालय स्वायत्त झाले तर अभ्यासक्रम आणि परीक्षा ते आपली आपण ठरवते, पण पदवी देणारे विद्यापीठ तेच असते. म्हणजे “मुंबई विद्यापीठासाठी मुंबईला टाका” या सल्ल्याला तसा अर्थच नाही. मुंबई विद्यापीठ देवरूखच्या स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे!

आपल्याकडे बी.एस्सी. करणारे मूल खऱ्या अर्थाने विद्यापीठात जात नाही, महाविद्यालयात जाते. त्याहूनही खरे सांगायचे तर ते एका विभागात जाते. वनस्पतिशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा तो विभाग म्हणजे दोन खोल्या, चार-पाच शिक्षक, एक प्रयोगशाळा, फॉर्मॅलिनच्या बाटल्या भरलेले एक कपाट आणि चाव्यांचा जुडगा सांभाळणारा एक परिचर. मुलाची तीन वर्षे जातात ती तिथे. निवडायचा असतो तो हा विभाग, आणि आपण निवडत बसतो ते वरचे नाव.

माझा मायक्रोस्कोप

हे मला कळायला स्वतःची तीन वर्षे द्यावी लागली. मी बारावी झाले तेव्हा वडिलांनी चौकशी केली ती एकच: सगळ्यात मोठे नाव कुणाचे? त्या नावाच्या मुंबईतल्या महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले गेले. वडिलांनी दोन वर्षांच्या आंब्याचे पैसे वसतिगृहात भरले.

महाविद्यालय खोटे नव्हते. ग्रंथालय मोठे होते, काही प्राध्यापक फार सुंदर शिकवत, इंग्रजीची भीती गेली ती तिथेच. पण प्रात्यक्षिकाला आम्ही एका मायक्रोस्कोपवर चौघी असायचो. त्यातली जी धीट, ती स्लाइड लावायची. बाकीच्या तिच्या जर्नलमधून आकृती उतरवून घ्यायच्या. मी देवरूखकडची, मागे उभी राहणारी. तीन वर्षांत मी कांद्याच्या सालीखेरीज दुसरी कुठलीही स्लाइड स्वतःच्या हाताने धड केली नाही. जर्नल मात्र दर वर्षी ‘सर्टिफाइड’ झाले, सुंदर रंगीत पेन्सिलींनी रंगवलेले. पहिला वर्ग मिळाला. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर पहिल्यांदा मुलांना अमीबा दाखवायची वेळ आली, तेव्हा डबक्याचे पाणी आणून रात्री उशिरापर्यंत शाळेच्या मायक्रोस्कोपशी झगडत बसले. जो अमीबा मी पंधरा वेळा काढला होता, तो मी तोवर पाहिलाच नव्हता.

ही तक्रार नाही. त्या काळी साधने कमी आणि मुले फार, हे खरेच होते. पण वडिलांनी नावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला असता, “माझ्या मुलीच्या हातात काय येईल?” तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता. जीवशास्त्र हा हातांनी आणि डोळ्यांनी शिकायचा विषय आहे. पोहणे जसे काठावरून शिकता येत नाही, तसे हेही दुसऱ्याच्या जर्नलमधून येत नाही.

आधी एक अवघड प्रश्न

म्हणून भावाला म्हटले, विद्यापीठाचे नंतर बघू. आधी मुलीलाच विचार, तिला जीवशास्त्र हवे आहे की डॉक्टरकी हवी होती?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात नीटमध्ये हुकलेली मुले पुष्कळ असतात. काहींच्या मनात अजून पांढरा कोटच असतो; ती वर्गात बसतात, पण पुस्तक नीटचे वाचतात. त्यांची पदवीही नीट होत नाही आणि परीक्षाही. डॉक्टरच व्हायचे असेल तर एक वर्ष ठरवून, खर्चाचा हिशेब मांडून आणि शेवटची तारीख ठरवून पुन्हा प्रयत्न करावा, त्यात कमीपणा नाही. पण जीवशास्त्राची पदवी हे डॉक्टरकीचे उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे. आपल्याच मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. गोड्या पाण्यातील ज्या जेलीफिशची जात तोवर आफ्रिकेतलीच मानली जाई, ती त्यांना आपल्या सह्याद्रीतल्या पाण्यात सापडली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ मध्ये पुण्यात त्यांनी जी संशोधन संस्था उभी केली ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांना कुणी “डॉक्टर व्हायचं राहिलं का हो?” असे विचारले असेल असे वाटत नाही.

भाचीला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांना डॉक्टर हवा होता. मला माणसांच्या आजारांपेक्षा बाकीचंच जास्त आवडतं.” बाकीचे म्हणजे काय, ते सकाळच्या वाटीत होते.

भाऊ काही बोलला नाही. त्याने लातूरचा कागद ढिगाच्या तळाला सरकवला, टाकून मात्र दिला नाही. बापाचे मन तेवढ्या वेळात तेवढेच वळते.

वाटा किती?

मग आम्ही वही घेऊन वाटा मांडल्या. त्या इथे सांगते, कारण आणखी कितीतरी पडव्यांत हीच वही उघडलेली असेल.

पहिली वाट घराजवळच्या महाविद्यालयाची. देवरूख, रत्नागिरी किंवा चिपळूणला साधी बी.एस्सी. खर्च सगळ्यात कमी. इथे एकच गोष्ट आधी विचारायची: शेवटच्या वर्षापर्यंत कोणता विषय मुख्य म्हणून घेता येतो? पहिल्या वर्षाला रसायन, वनस्पती, प्राणी सगळे असते म्हणून प्रवेश घेतला आणि तिसऱ्या वर्षी हवा तो विषयच त्या महाविद्यालयात नाही, असे झाले तर मूल मनाविरुद्ध दुसऱ्याच विषयाचे पदवीधर होते.

दुसरी वाट मुंबई-पुण्याची. मुंबईतले इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२०चे. ते आता २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. पुण्याचे फर्ग्युसन १८८५चे. अशा ठिकाणी परंपरा आहे, ग्रंथालये आहेत, शहरात संशोधन संस्था आहेत, व्याख्याने ऐकायला मिळतात. पण शहराचा हा लाभ शोधणाऱ्यालाच मिळतो. वसतिगृहातून वर्ग आणि वर्गातून वसतिगृह एवढेच करायचे असेल, तर खोलीभाडे मुंबईचे भरून शिक्षण तालुक्याचेच होते.

तिसरी वाट पाच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमाची. पुण्याची ‘आयसर’ ही संस्था २००६ मध्ये सुरू झाली. अशा सात संस्था देशात आहेत. मुंबईत कालिना परिसरात अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांचे मूलभूत विज्ञानाचे केंद्र २००७ पासून आहे. संशोधनाची खरी ओढ असलेल्या मुलासाठी याहून चांगले दार आपल्याकडे थोडेच. पण इथे प्रवेश बारावीच्या गुणांवर नाही, वेगळ्या परीक्षेवर मिळतो. ‘आयसर’च्या परीक्षेत जीव, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांचे सारखेच, प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. अकरावीला “आपल्याला डॉक्टरच व्हायचंय” म्हणून गणित सोडलेली मुले इथे अडतात. आणि या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या आधीच भरायचे असतात. भाची हे ऐकून माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला ही परीक्षा असते हेच कुणी सांगितले नव्हते. मीही नाही, एवढी वर्षे जीवशास्त्र शिकवलेली तिची आत्या! मुंबई-पुण्याच्या मुलाला जे अकरावीत कळते ते आपल्या मुलांना निकालानंतर कळते. गुणांचे अंतर एक वेळ भरून निघेल, पण हे अंतर फार महागात जाते.

चौथी वाट आपल्या अंगणातलीच, आणि तिच्याकडे आपण बघत नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२चे. त्याचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. तिथली पदवी चार वर्षांची आणि व्यावसायिक. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र यांच्या पदव्याही तशाच. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र तर १९५८चे. तिथले मत्स्यालय आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, पण तिथे काम करणारी माणसे काय शिकून आली, हे आपल्या मुलांना कधी विचारायला लावत नाही. या पदव्यांचे प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेतून होतात, म्हणजे तीही तारीख आधीच लक्षात ठेवायची.

पाचवी वाट गुळगुळीत माहितीपत्रकाची. सगळी खासगी विद्यापीठे वाईट नसतात. पण फी पाहिल्यावर एकच करावे: तिथे जाऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहावे आणि निळ्या द्रवाची ती नळी कुठल्या वर्षाच्या मुलांच्या हाती येते, ते विचारावे.

दारात उभे राहून विचारायचे प्रश्न

वही भरली आणि मी भावाला म्हटले, आता दुकान दोन दिवस वहिनीवर सोपव आणि चल. महाविद्यालय पाहिल्याशिवाय प्रवेश घेणे म्हणजे स्थळ न बघता लग्न ठरवणे. आपण मुलीचे स्थळ बघताना आजोळपर्यंत चौकशी करतो आणि महाविद्यालय मात्र गुणवत्ता यादीच्या आकड्यावर ठरवतो.

प्रश्न साधेच होते. प्रात्यक्षिकाची तुकडी किती मुलांची आणि चालू स्थितीतले मायक्रोस्कोप किती? विभागात कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवायला कमी असतात असे मुळीच नाही. कित्येकदा तेच जीव तोडून शिकवतात. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो मुलाचा तीन वर्षांचा प्रकल्प कसा हाती घेणार?

विच्छेदनाच्या जागी आता काय करतात, हेही विचारावे. आमच्या वेळी बेडूक, झुरळ, उंदीर यांच्याशिवाय प्राणिशास्त्र पुरे होत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २०११ मध्ये ते कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये बंदच केले. चांगलेच झाले. पण ती जागा कुठे संगणकावरच्या चित्रांनी भरली, तर कुठे जिवंत प्राणी त्यांच्या जागी जाऊन पाहण्याने. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षातून किती वेळा मुलांना बाहेर नेता, आणि नेता ते सहलीला की नोंदवही घेऊन, हे विचारलेच पाहिजे.

चौथ्या वर्षाचेही विचारावे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते, त्यात संशोधनाचाही पर्याय आहे. पण ते चौथे वर्ष आपल्या विषयात त्याच महाविद्यालयात आहे का, की त्यासाठी पुन्हा गाव बदलायचे? आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: गेल्या पाच वर्षांतले तुमचे विद्यार्थी आज कुठे आहेत? ज्या विभागातल्या सरांना किंवा बाईंना हे कागद न बघता सांगता येते, तो विभाग निम्मा निवडलेला समजावा.

पैसा आणि पोट

परतीच्या एस.टी.त भावाने त्याच्या मनातला प्रश्न काढला. “हे सगळं खरं ताई. पण मासे मोजून पोट भरतं का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसत्या बी.एस्सी.वर नोकऱ्या थोड्या आहेत, हे मुलाला आधीच सांगावे. या वाटेला लागायचे तर एम.एस्सी.पर्यंतची पाच वर्षे धरूनच चालावे. त्यानंतर अध्यापन आहे, संशोधन आहे, मत्स्यप्रक्रिया आणि औषध उद्योगातल्या प्रयोगशाळा आहेत. वनसेवेच्या परीक्षांना वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे पदवीधर चालतात. आणि पदवीचा कागद लागतोच. सलीम अलींसारख्या माणसालाही विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती.

खर्चाला आधारही आहेत, पण ते माहीत असावे लागतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती आहे. गंमत अशी की तिच्या विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन आहे, पण ज्याच्या नावाने माहितीपत्रके गुळगुळीत होतात ते बायोटेक्नॉलॉजी नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, ठरावीक प्रवर्गांतल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकारने २०२४ मध्ये माफ केली. अर्ज करण्याआधी त्या-त्या वर्षीचे नियम मात्र स्वतः वाचावेत; दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर जाऊ नये.

कोकणच्या मुलाकडे काय आहे?

या सगळ्या चौकशीत एक गोष्ट आपण विसरतो. शहरातल्या मुलाला जे पाहायला दोन दिवसांची सहल काढावी लागते, ते आपल्या मुलाच्या परसात असते. देवरूखच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि तिच्या माथ्यावर चांदोलीचे जंगल. ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाची जी स्थळे आली, त्यांत त्याचे नाव आहे. मार्लेश्वरची वाट, गावोगावच्या देवराया, तिथले धनेश, पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यांवर उगवणारी आणि जगात फक्त कोकणातच सापडणारी पांढऱ्या फुलांची दीपकाडी, हे सारे एका एस.टी.च्या तिकिटात मिळते.

नोकरी गेल्यानंतर सलीम अली १९३०मध्ये अलिबागजवळ किहीमला राहायला आले. तिथल्या झाडावरच्या सुगरणींच्या वसाहतीखाली बसून, हाती वही घेऊन त्यांनी जे पाहिले, त्यातून सुगरण नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार थाटतो हे समजले. त्याला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. झाड लागले आणि चिकाटी लागली. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभी केली, तीही याच जिल्ह्यातली गोष्ट.

याचा अर्थ मुलांनी गाव सोडू नये असा नाही. आघारकर मालवणात राहिले असते तर आघारकर झाले नसते. जावे, जरूर जावे. पण घराजवळ जे मिळत नाही ते तिथे नक्की मिळते, याची खात्री करून जावे. आणि घराजवळ राहिलेल्या मुलाने आपण हरलो असे समजू नये. मात्र मग परसातली ही प्रयोगशाळा वापरावी. वर्ग सुटल्यावर घरी येऊन मोबाइल घेऊन बसायचे असेल तर सह्याद्री असला काय आणि नसला काय.

फॉर्म

त्या दोन दिवसांत आम्ही तीन ठिकाणे पाहिली. एका ठिकाणी कार्यालयातल्या कारकुनाने भावाला सवयीने विचारले, “प्लेसमेंटची माहिती हवी का?” माझा किराणा दुकानदार भाऊ, जो दोन दिवसांपूर्वी फक्त विद्यापीठाचे नाव विचारत होता, तो म्हणाला, “ती द्याच. पण आधी सांगा, माझ्या मुलीला मायक्रोस्कोप किती वेळ मिळेल?” कारकून गोंधळला. त्याने आतून विभागातल्या बाईंना बोलावले. बाई हसल्या, चावी घेतली आणि म्हणाल्या, “या, दाखवते.” आत भाची पाऊण तास होती. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसून होतो.

तिने फॉर्म भरला तो साध्या बी.एस्सी.चा, प्राणिशास्त्रासाठी, रत्नागिरीला. रोजचे जाणे-येणे झेपणार नाही, म्हणून वसतिगृह. ‘आयसर’ची परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची की नाही, हे ती पहिले सत्र पाहून ठरवणार होती. तिचे गणित सुटले नव्हते, एवढे एक बरे झाले. भावाने फीच्या पावतीची घडी करून ती लातूरच्या कागदाच्या जागी ठेवली.

या जूनमध्ये पुन्हा गेले होते. लाल पाणी आले होते. भाऊ बत्ती घेऊन निघाला, तशी भाची वही घेऊन मागे. कुठल्या वहाळात, किती वाजता, कुठल्या जातीचे, किती अंडी असलेले मासे मिळाले, हे ती लिहून ठेवणार होती. विभागातल्या बाईंनी सांगितले होते, एका वर्षाच्या आकड्यांना काही अर्थ नसतो, पाच वर्षे लिही. परतताना भावाच्या टोपलीत मासे नेहमीपेक्षा कमी होते. मी काही विचारले नाही. तोच पाय धुताना म्हणाला, “गाभुळलेले दोन-चार सोडून दिले. तिच्या पुढच्या वर्षाच्या आकड्याला हवेत ना!”